पहिल्या दिवशीचं कारण वहीत लिहा: गावच्या कराटे वर्गातले पालक कसे सांभाळायचे

कुमिते, म्हणजे दोघांची लढत, चालू होती. आठ-नऊ वर्षांची दोन पोरं, एकाच्या हातात लाल ग्लोव्हज, दुसऱ्याच्या निळे. एक बाप चपलांसकट मॅटवर चालत आला, आपल्या पोराचा दंड धरला आणि म्हणाला, "झोपून रायला का बे? लाथ हान ना त्याले!" समोरच्या पोराची आई खिडकीत उभी होती. तिने तिथूनच तोंड सोडलं. मी त्या बापाला सगळ्यांदेखत बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, जरब बसली.

दुसऱ्या दिवशी त्याचा मोठा भाऊ माझ्या नवऱ्याच्या कृषी केंद्रात आला. खरिपाची सगळी उधारी त्याने एका दमात चुकती केली आणि सांगून गेला, यापुढे बियाणं-खत दर्यापूरहून आणू. त्याच्यामागे आणखी तीन घरं गेली. नवरा म्हणाला, उधारी वसूल करायची ही युक्ती आधीच सांगायची होतीस! पण रब्बीत हरभऱ्याच्या बियाण्याच्या थैल्या गोदामात तशाच पडून राहिल्या, तेव्हा त्यालाही हसू आलं नाही.

चौदा वर्षं झाली मला शिकवायला लागून. दर्यापूर तालुक्यातलं गाव, खारपाणपट्टा, काळी माती. पावसाळ्यात मुलं चपला हातात घेऊन वर्गाला येतात. वर्ग समाजमंदिरात, आठवड्यातून चार संध्याकाळी. पटावर सध्या ४२ मुलं, त्यात १७ मुली. शहरातले ओळखीचे प्रशिक्षक सांगतात, नियमांचा बोर्ड लाव, तक्रार लेखी माग, पालकांना आत येऊच देऊ नकोस. त्यांचं त्यांच्याकडे चालत असेल. तिकडचा पालक चिडला तर क्लास बदलतो. माझा पालक चिडला तर सकाळी पिठाच्या गिरणीवर भेटतो, दुपारी दुकानात येतो आणि रात्री लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो. त्यात मी या गावची सून. निम्म्या बापांची वहिनी आणि त्यांच्या बापांची सूनबाई. ज्या म्हाताऱ्यांपुढे मला आवाज चढवता येत नाही, त्यांच्याच नातवंडांना मी शिकवते की किआय, म्हणजे वार करतानाची आरोळी, पोटातून आला पाहिजे, पार पारापर्यंत ऐकू गेला पाहिजे.

तर अशा ठिकाणी काय चालतं, ते सांगते. खेड्यात वर्ग सुरू करणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी हे आहे.

नाव लिहायच्या दिवशी

भांडण होतं सहा महिन्यांनी, पण त्याचं औषध पहिल्या दिवशीच तयार करून ठेवावं लागतं. दोनशे पानी लांब वही घ्या. नाव, जन्मतारीख (शाळेच्या दाखल्यावरची, तोंडी सांगितलेली घेतली तर वयोगटावरून पुढे नक्की वाद होतो), वजन, फोन. आणि एक रुंद रकाना मोकळा सोडा. त्या रकान्यासाठी एकच प्रश्न विचारा: पोराला का आणलं?

उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. माझ्या वहीतली काही उत्तरं: "मोबाईल सुटला पायजे." "शाळेत एक पोट्टं रोज मारते याले." "दहावीत मार्क भेटते म्हने." "पुढं पोलीस भरतीत कामी पडन." "पोरगी कॉलेजले अमरावतीले जाईन, एकटी राहीन." एका आजीने सांगितलं होतं, "घरी लय धिंगाना करते, दोन घंटे तुमच्याइथं राहीन." हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर. मी तेही लिहिलं.

लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवा. बरोबर लिहिलं ना, विचारा. नियमही वाचूनच दाखवा. छापील कागद हातात दिला की ज्याला वाचता येत नाही तो नुसती मान हलवतो आणि नंतर "हे आमाले कोनी सांगतलंच नाई" म्हणतो. त्यात त्याची चूक नसते. सगळ्यांनाच वाचून दाखवलं की कोणाला कमीपणा वाटत नाही.

ही वही पुढे किती कामाची ठरते, याचा एकच दाखला देते. एक बाप आला, पोरगं दीड वर्षात एकही मेडल आणत नाही म्हणून तणतणत. मी काही न बोलता वही उघडली. त्याचंच वाक्य: "कोनाशी बोलत नाई, लाजते." मी विचारलं, भाऊ, आता बोलते का? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आता तं तोंड बंदच नाई होत त्याचं." मेडलचा विषय तिथेच संपला. मी वाद घातला असता तर हरले असते, कारण मेडल खरंच नव्हतं.

आजारपणाचं मात्र चारचौघांत विचारू नका. दमा, फिट येणं, आणि आपल्या विदर्भात खास करून सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. सिकलसेलचं दुखणं असलेल्या मुलाला पाणी कमी पडलं, अंगाबाहेर मेहनत झाली, कडक थंडी लागली की वेदनेचा झटका येऊ शकतो. आई-बाप हे लपवतात, विशेषतः मुलीचं, कारण उद्या सोयरीक जुळवताना बोभाटा होईल ही भीती. मी आईला एकटीला बाजूला घेते आणि सांगते की हे वहीत जाणार नाही, माझ्या डोक्यात राहील. मग सांगतात. अशा मुलाचं डॉक्टरांना विचारून ठरवते, दर पंधरा मिनिटांनी पाणी पाजते, धापा टाकेपर्यंत पळवत नाही.

आणखी एक. नाव लिहायला आई येते, फी बाप देतो, पण वर्ग चालू राहायचा की बंद व्हायचा हे बऱ्याच घरांत आजोबा ठरवतात. एका आजोबांचं मत होतं की हा सगळा चिनी नाच आहे. त्यांनी तरुणपणी आखाड्यात लाठी फिरवलेली. कराटे जिथून आलं त्या जपानी बेटाचा, ओकिनावाचा, इतिहास मी त्यांना सांगत बसले नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा विषय काढला. १९१४ साली सुरू झालेलं ते मंडळ. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी आपले देशी खेळ दाखवायला जर्मनीला गेली होती. आजोबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. अर्धा तास तेच बोलले. शेवटी म्हणाले, "थेबी परक्यायले आपला खेळ शिकवाले गेल्ते, तसे हे परके आपल्याले शिकवून रायले. होऊ दे मंग." नातू आजही येतो.

बेल्टवरून

दहातली सात भांडणं बेल्टची. "पैशे भरले ना आमी, मंग?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर आता पाठ आहे: भाऊ, फी भरली की सातबारा मिळतो. बेल्ट सातबारा नाही.

उत्तर चांगलं आहे, पण भांडण झाल्यावर दिलेलं उत्तर काही कामाचं नसतं. खरी चूक माझीच होती. मी परीक्षेची फी सगळ्यांकडून आधी गोळा करत असे आणि मग काहींना नापास करत असे. पालकाच्या जागी बसून बघा, तो काय समजेल? आता परीक्षेच्या महिनाभर आधी प्रत्येक मुलाच्या हातात पोस्टकार्डाएवढा कागद देते. त्यावर तीनच ओळी: काय येतं, काय अजून येत नाही, घरी रोज काय करायचं. घरच्यांची सही किंवा अंगठा घेऊन परत आणायचा. जो तयार आहे त्याच्याकडूनच फी घ्यायची. तरी ऐन वेळी कोणी अडखळला तर दुसऱ्या परीक्षेला पैसे नाहीत. भांडणं निम्म्याने तरी कमी झाली.

कधीकधी पट्ट्यांचा इतिहास सांगितला तरी उपयोग होतो, कारण आपल्याकडे शाळामास्तराला अजून मान आहे. क्यू-दान (क्यू ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या, दान ब्लॅक बेल्टपासून पुढच्या) ही पद्धत ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोने आणली. १८८३ साली त्याने आपल्या दोन शिष्यांना पहिला दान दिला. कराटेत ती फुनाकोशीने, ओकिनावाहून जपानात कराटे नेणाऱ्या गुरूने, १९२४ साली उचलली. दोघेही पेशाने शिक्षक. मी पालकांना सांगते, मास्तर लोकांनी केलेली पद्धत आहे, वरच्या वर्गात घालायची. पुढच्या वर्गात ढकललेलं पोरगं तिथे रडतं, हे तुम्हाला माहीत आहे. तालुक्याला एके ठिकाणी वर्षभरात ब्लॅक बेल्ट देतात, असंही ऐकवतात. तेव्हा मी त्या वर्गाबद्दल चकार शब्द काढत नाही. एवढंच सांगते की आमच्याकडे नियमित येणाऱ्या मुलाला चार ते पाच वर्षं लागतात, आणि वाटल्यास तिथे जाऊन एक दिवस वर्ग बघून या. दोघे गेले. एक परत आला.

पण सगळ्यात अवघड भांडण असतं एका घरातल्या दोन मुलांचं.

एक वाडा, दोन जावा. थोरलीचा मुलगा अकरा वर्षांचा, धाकटीची मुलगी नऊची. दोघं एकाच सायकलवर डबलसीट यायची. परीक्षा झाली, मुलगी पास झाली, मुलगा राहिला. दुसऱ्या दिवसापासून दोघंही बंद. धाकटीला मी बाजारात गाठलं तर ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "मी काय बोलू मॅडम, घरात मोठ्या जाऊबाई हायेत." म्हणजे बेल्ट कराटेचा, आणि तिढा मात्र त्या वाड्यात किती वर्षांपासून पडलेला.

अशा वेळी फोन करू नका. व्हॉट्सॲपवर तर मुळीच लिहू नका. घरी जा. दुपारी जा, जेव्हा पुरुष शेतात असतात आणि बायका अंगणात. मी गेले तेव्हा दोघी तूर पाखडत होत्या. मी एक सूप ओढलं आणि बसले. अर्धा तास तुरीचा भाव, उंदरांचा त्रास, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं. मग म्हटलं, वहिनी, पोरं काय शिकली ते तुम्ही कधी पाहिलंच नाही, दोघांना जरा करून दाखवू द्या.

दोघं अंगणात उभी राहिली. हेइआन शोदान, पहिला काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका. २१ हालचाली, नवव्या आणि सतराव्याला किआय. मुलीने केला. मग मुलगा. नवव्यापर्यंत झकास, किआयही दणदणीत. त्यानंतर डावीकडून जवळजवळ पूर्ण गिरकी घेऊन वळायचं असतं. तो उलटा वळला आणि थेट गोठ्याच्या भिंतीसमोर उभा ठाकला. गाय त्याच्याकडे बघत होती. तो स्वतःच हसायला लागला, "मले हे वळनच येत नाई मॅडम." सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "मंग शिक ना बाप्पा, रडतं कायले?" थोरली काही बोलली नाही. पण सोमवारी सायकल समाजमंदिराबाहेर उभी होती. पाच आठवड्यांनी त्याने ते वळण बरोबर घेतलं.

तेव्हापासून माझी रीत अशी: निकाल तोंडाने समजावत बसायचं नाही, मुलाला करून दाखवू द्यायचं. आई-बापाला कराटे कळत नसलं तरी पोरगं कुठे अडलं ते डोळ्यांना दिसतं. मात्र हे मुलाची फजिती करण्यासाठी करायचं नाही. जो आधीच खचलेला आहे त्याला हे करायला लावू नका.

खिडकीत उभे राहणारे

दार बंद केलं तर खिडक्या भरतात. समाजमंदिराला सहा खिडक्या आहेत. त्यातून येणाऱ्या सूचना मुलाला माझ्या सूचनांपेक्षा मोठ्याने ऐकू येतात, आणि पोरगं एक डोळा माझ्याकडे, एक डोळा बापाकडे करत धडपडतं.

बोलणाऱ्या माणसाच्या हातात काम द्यायचं. सुरुवातीला सांगितला तो चपलेवाला बाप. त्याला परत आणायला मला दोन महिने लागले आणि सासऱ्यांना मध्ये घालावं लागलं. आला त्या दिवशी मी त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं. भाऊ, दीड मिनिटाचा राउंड, वेळ तुमच्याकडे. माणसाची नजर काट्यावर असली की तोंड आपोआप मिटतं. शिवाय दोन्ही बाजूंची मुलं त्याच्याकडे बघायला लागली, तेव्हा तो आपल्याच पोराचा राहिला नाही. आज तालुक्याच्या स्पर्धेला मॅट न्यायची असली की ट्रॅक्टर त्याचाच असतो.

दुसरा एक होता, माजी सैनिक. माझ्या प्रत्येक सूचनेत त्याला खोट दिसायची. त्याच्याकडे मी वॉर्मअपच्या वेळची कवायत सोपवली, दहाच मिनिटं. आपण शिकवायला लागलं की दुसऱ्याच्या चुका काढणं अवघड जातं.

सगळ्यांना काम देता येत नाही. उरलेल्यांसाठी महिन्याचा शेवटचा शनिवार ठेवा. त्या दिवशी पालकांनी आत येऊन बसायचं, सतरंजी अंथरलेली, चहा. इतर दिवशी कोणी खिडकीतून बोललं तर मी मुलांना खिडकीकडे पाठ करून उभं करते. बोलणाऱ्याला काही म्हणत नाही.

स्पर्धेला नेताना

एसटीत बसल्याबसल्या नियम सांगून टाकावेत, मैदानावर कोणी ऐकत नाही. ठोसा बरोबर लागला तर १ गुण, पोटावर-पाठीवर लाथ २, डोक्याकडे नियंत्रित लाथ ३. गुण सारखे झाले तर ज्याने पहिला गुण बिनविरोध घेतला तो जिंकतो, त्याला सेन्शु म्हणतात. हा शेवटचा नियम आधी सांगितला नाही तर बरोबरी झाल्यावर पालक पंचावर धावून जातात, कारण त्यांना ती चोरीच वाटते. मॅटजवळ खुर्ची प्रशिक्षकाची एकच असते, हेही तेव्हाच सांगा.

वजनाचा प्रकार फार वाईट. खालच्या गटात बसावं म्हणून एका बापाने दहा वर्षांच्या पोराला आदल्या दुपारपासून उपाशी ठेवलं, पाणीही बेतानेच. पोरगं सकाळी एसटीत माझ्या खांद्यावर कलंडलं. मी त्याला साखर-मीठ-पाणी पाजलं, नाव मागे घेतलं आणि दिवसभर त्याला प्रेक्षकांत बसवून पोहे खाऊ घातले. बापाला तिथे काही बोलले नाही. आता मी वजनगट घरी कळवतच नाही. वर्गात वजन करते, गटाच्या काठावर असेल तर वरच्या गटात नाव देते, आणि कोणी विचारलं तर म्हणते, वाढतं पोरगं आहे, वाढू द्या.

डोक्याला मार लागला तर वाद नाही. पोरगं गोंधळलं, उलटी झाली, झोप येते म्हणालं की त्या दिवसाचा खेळ संपला आणि गाडी दवाखान्याकडे. "फायनल हाय मॅडम, एवढी खेळू द्या" म्हणणारा बाप मला दोनदा भेटला. दोन्ही वेळा मी बोलत बसले नाही, मुलाचे ग्लोव्हज काढून माझ्या पिशवीत घातले.

मार्कांचं गणितही साफ सांगा. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. पण ते मान्यताप्राप्त स्पर्धांचे, ठरावीक स्तरांवरच्या कामगिरीचे. बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'नॅशनल' छापलेलं आहे म्हणून ते मिळत नाहीत. यंदा कोणता खेळ, कोणती स्पर्धा धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून मगच पालकांना पैसे भरायला सांगा. आणि ऑलिम्पिकचं कोणी विचारलंच तर खरं सांगा: कराटे टोकियोला २०२१ साली होतं, पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं.

"चामडी तुमची, हाडं आमची"

बाप हे कौतुकाने सांगतात. मारा पण सुधारा. मी हसून म्हणते, भाऊ, हाडं आणि चामडी दोन्ही त्याचीच आहेत. आणि वहीत नियमांच्या पानावर पहिली ओळ आहे ती वाचून दाखवते: या वर्गात शिक्षा म्हणून कोणाला मारत नाहीत, उठाबशाही नाहीत.

हरल्यावर मुलाला मारणारा पालक वेगळा. इथे मात्र मी सून-वहिनी विसरते. एकदा बक्षीस समारंभाच्या मागे एका आईने मुलीला थोबाडीत दिली. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, काकू, वर्ग अजून सुटला नाही, ती अजून माझ्याकडे आहे. मुलीला सगळ्यांच्या बाटल्या भरायला पाठवलं. पहिलं काम पोराला तिथून हलवायचं. बोलणं नंतर, आणि एकांतात. नंतर त्या बाईने सांगितलं की मुलगी हरली की घरी सासू तिला टोमणे मारते, कराटेचं खूळ हिनेच काढलं म्हणून. त्यामुळे मारणं बरोबर ठरत नाही. पण पुढच्या वेळी निकाल सांगायला मी आधी सासूकडे गेले, तेव्हा फरक पडला.

हे रोजचं असेल, अंगावर वळ दिसत असतील, तर चहा-पाण्याने भागत नाही. मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८, चोवीस तास, फुकट. मी तो खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला आहे, मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर.

मुलींचे आई-बाप

यांना अवघड म्हणू नये. घाबरलेले असतात. बारा-तेरा वर्षांची झाली की मुलगी अचानक येईनाशी होते, आणि कारण विचारलं तर "अभ्यास हाय." खरं कारण बहुतेकदा पांढरी पँट. चार दिवसांत डाग पडला तर काय, हे कोणी बोलून दाखवत नाही. मी सरावाला सगळ्याच मुलींना काळी ट्रॅकपँट चालेल असं करून टाकलं, कारण न सांगता. तीन मुली परत आल्या.

दुसरी भीती, पोरं हात लावतात. ती हसण्यावारी नेऊ नका. मोठ्या मुलींची जोडी मुलींशीच. पकड शिकवताना कुठे धरायचं ते आधी बोलून दाखवायचं. दार उघडं, आणि शेवटची मुलगी घरी गेल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. पालकसभेत मी त्याचं नाव घेऊन बोलते, मोठ्या मुलांसमोरच. पुरुष प्रशिक्षक असाल तर गावातली एखादी बाई वर्गाला बसवा, अंगणवाडीच्या ताई, बचत गटातली कोणीही. बाहेरगावी मुक्काम असेल तर एका आईला सोबत न्या, तिचं तिकीट वर्गाच्या पैशातून काढा. ती आई परत येऊन दहा घरांत जे सांगते ते तुम्ही सांगून होणार नाही.

फी आणि ग्रुप

महिन्याला २५० रुपये. पण शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन निघाल्यावर येतो, कापूस विकल्यावर येतो. म्हणून अर्ध्या घरांची फी मी दिवाळीनंतर आणि संक्रांतीनंतर अशी दोनदा घेते. फीचं मुलाजवळ कधी बोलू नका, रांगेतून बाजूला तर काढूच नका. खरी कटकट ज्यांच्या दारात चारचाकी आहे त्यांची. त्यांच्या घरी मी स्वतः पावतीपुस्तक घेऊन जाते, पाहुणे बसलेले असतात अशा वेळी.

ग्रुपवर फक्त मी लिहू शकेन अशी सेटिंग आहे. बास.

नाव कमी करायची वेळ आली तर

गेल्या वर्षी एक बाप दोनदा पिऊन आला. दुसऱ्यांदा त्याने दुसऱ्याच एका मुलाची गचांडी धरली. मी पोलीस पाटलांना सोबत घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना, त्याच्या घरी गेले आणि सांगितलं की तुम्ही समाजमंदिराची पायरी चढायची नाही. तो ओरडला, मग पोरगंही नाही येणार. बरं, म्हटलं. उरलेल्या फीचे १५० रुपये पाकिटात घातले, आतापर्यंतच्या बेल्टचा दाखला लिहिला, म्हणजे दुसरीकडे शिकायचं झालं तर त्याला परत पहिल्यापासून नको.

रात्री नाव खोडायला वही उघडली. रुंद रकान्यात त्याच्या आईने सांगितलेलं माझ्याच अक्षरात होतं: "घरी लय भेदरून राह्यते. धीर आला पायजे."

मी पेन बंद केला. बापाला बाहेर ठेवायचं आणि पोराचं नाव कापायचं हे दोन वेगळे निर्णय होते, आणि मी ते एकाच दमात करून बसले होते. आईला निरोप पाठवला. ती सकाळी साडेपाचला दुधाचा कॅन घेऊन डेअरीवर जाते. आता मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्याला सोबत आणते, माझ्या अंगणात सोडते आणि परत जाताना घेऊन जाते. मॅट नाही, सारवलेली जमीन आहे. पाऊण तास पुरतो. ते १५० रुपये तिने परत दिले आणि वहीत पालकाच्या नावाच्या जागी स्वतःचं लिहायला लावलं.